दाब गिळणारा पदार्थ

आज मखमलाबादला मामांच्या मळ्यात द्राक्षाच्या पेट्या भरताना बबलशीट हाताखाली चेपली आणि पावडर टॉय या कणांशी खेळायच्या कॉम्प्युटर गेमसाठी नवा पदार्थ सुचवायचा माझा अडकलेला प्रश्न सुटला. त्या गेममध्ये दाब उणे २५६ ते अधिक २५६ पर्यंत जातो. त्यातलं टायटॅनियम तो अडवतं. व्हायब्रेनियम हा काल्पनिक धातू तो साठवतो, पण शेवटी स्फोटात परत देतो. मला हवाय दाब शोषून स्वतः चेपला जाणारा, पुन्हा न फुगणारा पदार्थ. शोषलेली ऊर्जा जाणार कुठे? उष्णतेत. म्हणजे तो तापलाच पाहिजे, हे मी सोडणार नाही! पूर्ण चेपला की भुकटी.

मामा म्हणाले, "पेटी पडली तर आधी शीट मरते, मग घड." हेच वाक्य गेमवाल्यांना पाठवायच्या प्रस्तावात घालतोय. आज रात्रीच पाठवणार. नाव तेवढं सुचवा.