बुद्धिबळ क्लबचा वार्षिक स्पर्धा-कार्यक्रम : गटसाखळीचा पूर्वार्ध

यंदाच्या कार्यक्रमातील सर्वांत मोठा बदल आम्ही क्लब-अजिंक्यपद स्पर्धेत केला आहे. आजवर ही स्पर्धा सर्वांची एकत्र, स्विस पद्धतीने (प्रत्येक फेरीत साधारण समान गुण असलेल्यांच्या जोड्या लावून) होत असे. या वर्षी मानांकनानुसार आठ-आठ खेळाडूंचे गट पाडून प्रत्येक गटाची साखळी (गटातील प्रत्येकाने इतर सर्वांशी एकेक डाव खेळायचा) सुरू केली असून तिच्या चार फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत.

बदलामागचे कारण मधल्या फळीतील खेळाडूंचे होते. स्विसच्या पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्यातील खेळाडूंची गाठ खालच्या अर्ध्याशी पडते. २४ जण असतील तर पहिल्याची तेराव्याशी, दुसऱ्याची चौदाव्याशी. मानांकनात ४०० गुणांचा फरक असल्यास फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्याप्रमाणे वरच्या खेळाडूकडून डावातील एका गुणापैकी ०.९२ गुणांची अपेक्षा असते, म्हणजे खालच्याने काय मिळवायचे हे उघडच आहे. मधला खेळाडू एका फेरीत बलाढ्याकडून हरतो, पुढच्या फेरीत नवख्याला सहज हरवतो आणि लोलकासारखा असाच हेलकावत राहतो; बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी तीन तास झुंजण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. शिवाय खेळाडू मोजके आणि फेऱ्या जास्त असल्या की आघाडीवरचे खेळाडू स्पर्धेच्या मध्यावरच आपापसांत खेळून मोकळे होतात, आणि शेवटच्या फेऱ्यांत त्यांना तळाचे प्रतिस्पर्धी द्यावे लागतात.

याचा अर्थ स्विस पद्धत वाईट, असा मुळीच नाही. एकदिवसीय रॅपिड (जलद) स्पर्धेसाठी आम्ही तीच ठेवली आहे. प्रत्येक खेळाडूला १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंद या वेळेत ६० चालींचा डाव ५० मिनिटांत आटोपतो, म्हणून ताशी एक फेरी धरून दिवसात पाच फेऱ्या निवांत होतात. आणि डाव बरोबरीत सुटले नाहीत, तर ३२ जणांतून एकच अपराजित खेळाडू उरायला पाच फेऱ्या पुरतात.

साखळीसाठी ६० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद, अशी वेळ ठरवली. ६० चालींचा डाव तीन तास घेतो, त्यामुळे आठवड्याला एक फेरी एका संध्याकाळी जेमतेम बसते. गटातील क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढले आणि बर्गर तक्ता (साखळीतील जोड्या आणि रंग ठरवणारा प्रमाणित तक्ता) लावला : पहिल्या फेरीत १-८, २-७, ३-६, ४-५, दुसऱ्या फेरीत ८-५, ६-४, ७-३, १-२. (जोडीत आधी लिहिलेला क्रमांक पांढऱ्या मोहऱ्यांचा.) कोणाशी, कधी आणि कोणत्या रंगाने खेळायचे हे सुरुवातीलाच कळल्यामुळे मंडळी घरून तयारी करून येऊ लागली आहेत, हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

साखळीचे खरे दुखणे म्हणजे मधूनच स्पर्धा सोडणारा खेळाडू. नियम असा की निम्म्यापेक्षा कमी डाव खेळून कोणी बाहेर पडला, तर त्याचे निकाल तक्त्यात राहतात, पण अंतिम क्रमवारीत धरले जात नाहीत. निम्मे किंवा अधिक खेळला असेल, तर उरलेले गुण प्रतिस्पर्ध्यांना न खेळता मिळतात. सात फेऱ्यांत ही सीमारेषा तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या मध्ये येते. म्हणून तिसऱ्या फेरीनंतरचा आठवडा आम्ही केवळ लांबणीवर पडलेल्या डावांसाठी मोकळा सोडला आणि अडचणीत असलेल्यांशी तेव्हाच बोलून घेतले. शेवटची फेरी मात्र कोणासाठीही पुढे ढकलली जाणार नाही. सर्व डाव एकाच वेळी सुरू होतील, म्हणजे दुसऱ्याचा निकाल पाहून बरोबरी करण्याचा मोह कोणाला होणार नाही.

गुण समान झाल्यास काय, यावर बरीच चर्चा झाली. काहींनी सवयीने बकोल्झ, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, सुचवले. पण पूर्ण साखळीत सर्वजण सर्वांशी खेळत असल्यामुळे समान गुणांच्या खेळाडूंचे बकोल्झही समानच येते. त्यामुळे आधी आपापसांतील डाव आणि मग सोनेबॉर्न-बर्गर, म्हणजे हरवलेल्यांचे पूर्ण गुण अधिक बरोबरीत सुटलेल्यांचे निम्मे गुण, असा क्रम लावला आहे.

साखळी संपल्यावर तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीला दोन सेकंदांची ब्लिट्झ (अतिजलद) स्पर्धा होईल. पुढच्या वर्षी प्रत्येक गटातील पहिले दोघे वर आणि शेवटचे दोघे खाली जातील. वर्षाच्या मध्ये दाखल झालेले सभासद रॅपिड स्पर्धेत खेळतील आणि तेथील कामगिरी पाहून त्यांचा गट ठरवला जाईल.