वटवाघळांची शी आणि एक पत्र

लोक विचारतात, वटवाघळांवर काम करताना निपाह विषाणूची वगैरे भीती नाही का वाटत. वाटते की, म्हणून तर एन-95 मास्क आणि दोन-दोन ग्लोव्हज. पण मला खरा घाम फुटला तो बडोद्यातल्या एका ऑफिसच्या बाकावर.

आमचं काम फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर. पकडायचं काही नाही, पहाटे ती झाडावर परतली की खाली स्वच्छ प्लास्टिक अंथरायचं आणि पडलेली ताजी शी उचलायची. तरी आमच्या एथिक्स कमिटीनं सांगितलं, वन्यजीववाल्यांचं पत्र आणा.

गेले तर पहिल्या टेबलावरचे भाई हसलेच, "वागोळ माटे परमिशन शेनी?" म्हणजे वटवाघळांसाठी परवानगी कसली? काचेखाली जुनी यादी, त्यात उंदीर, कावळे आणि ही, सगळी उपद्रवी! मी म्हटलं भाई, ती यादी कधीच गेली, वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 ची दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आता ही शेड्यूल 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत. ते म्हणे मग गांधीनगरला चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनकडे अर्ज जाईल. बरं, पाठवा. तर दुसऱ्या टेबलावर म्हणे शी उचलायला परवानगी लागतच नाही, पाठवू कशाला. मग "लागत नाही" एवढं तरी लिहून द्या ना! ते लिहून देता येत नाही म्हणे. काले आवजो, उद्या या. असे चार महिने गेले, आणि त्यातले पाच आठवडे तर माझा अर्ज आलाय हेच कोणी मानेना, कारण मी आवक नंबर घेतला नव्हता. शेवटी तो सापडला कपाटावरच्या गठ्ठ्यात, वर चहाच्या कपाचा गोल डाग. तेव्हा आवक नंबर तिथेच उभं राहून घ्या, आणि नव्या शेड्यूलच्या पानाची झेरॉक्स अर्जालाच टाचा.

पत्र हातात आलं त्या दिवशी अख्ख्या लॅबला सेव उसळ खिलवली. आई म्हणाली, "अगं, शी गोळा करायला मिळाली म्हणून पार्टी?"

बाकी काम सोपं. सँपल लगेच 95 टक्के इथेनॉलमध्ये घाला, उन्हात राहिलं तर त्यातले जिवाणू वाढत बसतात आणि पोटातलं खरं चित्र बिघडतं. आणि हो, ट्यूबवर मार्करनं लिहू नका, इथेनॉल सांडलं की अक्षर जातं, पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आत टाका. पहिल्या दिवशीच्या अकरा ट्यूब कुठल्या झाडाखालच्या, ते आता मलाही सांगता येत नाही.