एडिनबराच्या गॅलरीत एकाच चित्रासमोर

एडिनबराला गेलं की सगळे किल्ल्यावर जातात, रॉयल माइल पालथा घालतात, आणि तेवढ्यात शहर बघून झालं असं वाटायला लागतं. पण जुनं शहर आणि नवं शहर यांच्या मधोमध, प्रिन्सेस स्ट्रीटच्या कडेला एक मोठ्ठ्या खांबांची ग्रीक देवळासारखी इमारत आहे, ती स्कॉटलंडची नॅशनल गॅलरी, आणि तिथे प्लीज जाच. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही, सरळ आत जायचं.

इमारत विल्यम प्लेफेअरने डिझाइन केलेली, १८५९ मध्ये लोकांसाठी उघडली. ती ज्या उंचवट्यावर आहे त्याला द माउंड म्हणतात आणि तो मुळात नैसर्गिक नाहीच, नवं शहर बांधताना पाया खणून जी माती निघाली ती वर्षानुवर्षं इथे आणून टाकली, त्यातून तो झालाय. आणि त्याच्या पोटातून चक्क रेल्वेचा बोगदा जातो! वर टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराची चित्रं, खाली ट्रेन. मला हे भयंकर आवडलं.

तिकिटाचं मी मुद्दाम सांगतेय कारण त्याने बघण्यात फरक पडतो. पैसे भरले की आपण वसुलीच्या मागे लागतो, सगळ्या खोल्या झाल्याच पाहिजेत, मग शेवटी पाय दुखतात आणि डोक्यात काहीच राहत नाही. इथे तसं नाही, थोडंसं बघा, बाहेर बागेत जाऊन बसा, वाटलं तर परत या. म्हणून मी मोजकीच चित्रं बघायची ठरवलं आणि त्यातल्या एकासमोरून हललेच नाही.

ते म्हणजे वेलाझ्क्वेझ या स्पॅनिश चित्रकाराचं ‘अंडी शिजवणारी म्हातारी’. साल १६१८, म्हणजे तो तेव्हा १८-१९ वर्षांचा पोरगा, सेव्हिलमध्ये, राजदरबार वगैरे सगळं अजून पुढे होतं. म्हातारीच्या एका हातात लाकडी चमचा, दुसऱ्यात अजून एक अंडं, शेजारी खरबूज आणि काचेची सुरई घेतलेला मुलगा. मातीच्या भांड्यात अंडी शिजतायत आणि पांढरा भाग पारदर्शकाचा घट्ट होतोय, नेमका तोच क्षण त्याने पकडलाय, हे रंगाने कसं काय जमतं कोण जाणे. पुढे एका पांढऱ्या ताटलीवर सुरी ठेवलीये, तिची सावली ताटलीच्या खोलगट भागात वाकलीये. पितळी खलबत्त्याची चमक वेगळी, काचेची वेगळी, मातीच्या भांड्याची वेगळी. हे सगळं दिसायला वेळ लागतो हं, पहिल्या नजरेत फक्त काळोख आणि दोन माणसं दिसतात. आणि ती दोघं एकमेकांकडे बघतच नाहीयेत, हे तर मला फार उशिरा लक्षात आलं आणि मग चित्र एकदम वेगळंच वाटायला लागलं.

बर्फावर स्केटिंग करणारा काळ्या कपड्यातला पाद्री, रेबर्नचं ते फेमस चित्र, तेही इथेच, अपेक्षेपेक्षा बरंच छोटं आहे. सार्जंट या चित्रकाराची लेडी अ‍ॅग्न्यू पण चुकवू नका, खुर्चीत रेललेली आणि थेट आपल्याकडे बघणारी.

टिशियनची ‘डायना आणि अ‍ॅक्टिऑन’ आणि ‘डायना आणि कॅलिस्टो’ ही दोन चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीबरोबर मिळून घेतलीयेत, पहिलं २००९ मध्ये ५ कोटी पौंडांना, दुसरं २०१२ मध्ये साडेचार कोटींना. किंमत प्रचंड आहे, मान्य, पण त्यात सरकारी निधी होता, देणग्या होत्या, आणि आता ती कुणा एकाच्या भिंतीवर न अडकता कुणालाही बघता येतात, त्यामुळे मला तो खर्च पूर्णपणे पटतो. फक्त ती दोन्ही शहरांत आलटून पालटून लावतात, तेव्हा खास त्यांच्यासाठी जाणार असाल तर सध्या कुठे आहेत ते वेबसाइटवर आधी बघून घ्या.