लेन्स विकायच्या आधी

फोटो शार्प येत नाहीत म्हटलं की मित्रांचा सल्ला ठरलेला: लेन्स बदल. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि २००-५०० मिमी झूम. भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर काढलेले रोहित (फ्लेमिंगो) आणि नदी सुरय पक्षी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसायचे. घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठे करून उघडले की पक्ष्याच्या डोळ्यावर साय धरलेली.

लेन्स विकण्याआधी हा पुसटपणा कुठल्या जातीचा आहे ते बघायचं ठरवलं. हात किंवा पक्षी हलला असेल तर कडा एकाच दिशेला फरफटतात. फोकस सरकला असेल तर पुढे-मागे कुठेतरी काहीतरी स्वच्छ असतंच. आणि सगळंच सारखं मऊ असेल तर संशय हवेवर, फिल्टरवर किंवा लेन्सच्या काचेवर. माझ्या फोटोंत पक्ष्याच्या अलीकडच्या लाटा धारदार होत्या.

शटर स्पीड कमी नव्हता. हात हलू नये म्हणून शटर निदान एक भागिले फोकल लेंग्थ इतकं वेगवान हवं, आणि क्रॉप सेन्सरवर ती लांबी १.५ पट धरायची: ५०० ला १.५ ने गुणलं की ७५०, म्हणून १/१००० सेकंदाच्या खाली मी जात नाही; उडत्या सुरयाला १/१६०० सुद्धा कमी पडतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढला तर चढू दे. त्यानं येणारा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, नंतर कमी करता येतो, हललेला डोळा नाही.

मग गच्चीत ट्रायपॉड लावला. बारा-तेरा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, त्याहून बारीक टाइप घरात सापडत नाही. अपर्चर पूर्ण उघडं, एफ/५.६. स्टॅबिलायझेशन बंद, सेल्फ टायमर चालू. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, फोकस करून काढलेल्या फोटोत फोन नंबरसुद्धा वाचता आले. व्ह्यूफाइंडरमधून फोकस केला की तीच अक्षरं विरघळलेली!

म्हणजे काच चांगली होती. लाइव्ह व्ह्यूत कॅमेरा थेट सेन्सरवरची प्रतिमा बघून फोकस करतो. व्ह्यूफाइंडर वापरताना मात्र आरशाखालचं वेगळं ऑटोफोकस मॉड्यूल मोजमाप करतं. या दोन वाटांमध्ये किंचित फरक पडला की फोकस दरवेळी त्याच बाजूला चुकतो. ती चूक भरून काढायलाच मेनूत फाइन ट्यून असतं, उणे २० ते अधिक २०. अधिककडे गेलं की फोकस लांब सरकतो. तिरपी पट्टी ठेवून आकडा बदलत गेलो. दर फोटोआधी फोकस मुद्दाम इन्फिनिटीला नेऊन परत आणायचा, नाहीतर आधीच्याच जागी चिकटून बसतो. अधिक ९ वर अक्षरं उमटली. माझा कॅमेरा एका लेन्सला एकच आकडा लक्षात ठेवतो, त्यामुळे ५०० चं टोक सांभाळलं. पक्ष्यांसाठी २०० वापरतो कोण?

पुढच्या काचेवरचा स्वस्त यूव्ही फिल्टरही काढून टाकला. त्यानंही थोडा फरक पडला.

राहिली हवा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे रोहित गुलाबी डाग होतात. तिथे कुठलंही सेटिंग चालत नाही. पहाटेची पहिली नाव गाठायची आणि नावाड्याला अंतर कमी करायला सांगायचं, पक्षी बिचकणार नाहीत इतपतच. डुलत्या नावेत ट्रायपॉड निरुपयोगी, नावेच्या काठावर लेन्सखाली बीनबॅग (दाणे भरलेली पिशवी) बरी. लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग अगदी शेवटी, तेही ऑल्ट दाबून मास्किंग (शार्पनिंग कुठे लागू होतंय ते) बघत, म्हणजे पिसं उठतात आणि मागचं पाणी खरखरीत होत नाही.