तुम्ही विचारलंत म्हणून: कंटाळा येत नाही का?

"दिवसदिवस मॅच बघता, कंटाळा येत नाही का हो?" गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला हे विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

येतो की. भरपूर येतो. फक्त मी तो बोलून दाखवत नाही.

बोलून दाखवायला आमचे दाजी आहेत. 19 नोव्हेंबर 2023, वर्ल्ड कपची फायनल. सकाळची मिसळ अजून अंगात होती, तरी दोनच्या आत दाजी पंचवटीत आमच्याकडे हजर. पहिल्या दहा ओव्हरमध्ये 80 रन झाले, तोवर स्वारी खुशीत. मग रोहितपाठोपाठ श्रेयस गेला आणि कोहली-राहुल एकेक, दोनदोन धावा काढत बसले. सलग 97 चेंडू चौकार नाही. "रटाळ!" म्हणत दाजी चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले. वाटीत नुसते पोहे उरले तेव्हा कुठे राहुलचा चौकार आला. त्याच्या 107 चेंडूंतल्या 66 धावांत तेवढा एकच. दाजी म्हणाले, "आता काय उपयोग?" आणि दुसरी वाटी मागितली.

मी म्हटलं, "दाजी, चॅनेल बदला मग." रिमोट त्यांच्याच मांडीवर होता. त्यांनी तो उशीखाली सरकवला.

खरा कंटाळलेला माणूस उठून जातो. आमची आई जाते, मटार सोलायला. रटाळ रटाळ म्हणत बसून राहतो त्याचा जीव अडकलेला असतो, एवढंच माझं निरीक्षण. आणि त्या दिवशी मॅच निसटली ती त्याच रटाळ ओव्हर्समध्ये. रात्री ऑस्ट्रेलियाच्या हेडने 137 ठोकले ते सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण पाठलाग 241 चाच होता, तो का, हे दुपारीच दिसत होतं.

नाशिककराने तरी रटाळपणाला नावं ठेवू नयेत. फिरकी गोलंदाज बापू नाडकर्णी आपल्याच गावात जन्मले. जानेवारी 1964, मद्रास, समोर इंग्लंड: 32 ओव्हर, 27 मेडन (म्हणजे एकही धाव न दिलेल्या ओव्हर), 5 धावा, विकेट एकही नाही. त्यात ओळीने 21 मेडन. 131 चेंडूंत एक धाव नाही! तेव्हा ते टीव्हीवर असतं तर दाजींनी किलोभर शेंगदाणे संपवले असते. मी मात्र डोळा न मिटता बघितलं असतं. सराव करताना बापू म्हणे पिचवर नाणं ठेवून त्याच्यावर टप्पा टाकायचे.

(पुरस्कार सोहळे मात्र खरंच रटाळ असतात. तिथे मी दाजींच्या पार्टीत.)

29 जून 2024 ला पुन्हा फायनल, टी-ट्वेंटीची. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हवे होते, सहा विकेट हातात. दाजी उठले. "संपलं. बोअर झालं. निघतो." दारात जाऊन एक चप्पल घातली आणि टीव्हीकडे वळून बघितलं. तेवढ्यात आफ्रिकेचा क्लासेन आउट. आत या म्हटलं तर हातानेच दटावलं, कुणी हलायचं नाही. शेवटच्या ओव्हरला सूर्याने बाउंड्रीवर तो कॅच घेतला, आपण सात रननी जिंकलो, खाली गल्लीत फटाके सुरू झाले, तरी दाजी उंबऱ्यातच. एक चप्पल पायात, दुसरी हातात.