६१६ केबी मोकळी, तरी पत्ते उघडेनात

जुने डॉस खेळ चालवायला ठेवलेलं मशीन तेच. ४८६ डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२ आणि जंपरवालं (पिनांवरच्या चिमुकल्या टोप्या सरकवून सेटिंग बदलायचं) साउंड ब्लास्टर प्रो २ हे साउंड कार्ड. गेल्या वेळी मदरबोर्डवरची गळकी बॅटरी कापून हिरवट डाग पुसण्यातच महिना गेला होता, ते पुन्हा उगाळत नाही. या वेळी तीन रात्री मेमरीत गेल्या आणि एक आवाजात.

पहिली रात्र: कंजुषी

कोण किती मेमरी खातं ते दाखवणारी आज्ञा एमईएम /सी /पी मारली. डॉसचे प्रोग्रॅम जिथे चालतात त्या पहिल्या ६४० पैकी ५४१ केबी मोकळी. उरलेली ९९ कुणी खाल्ली ते कागदावर मांडलं: डॉस स्वतः १७, हायमेम (१ एमबीपुढची मेमरी सांभाळणारा) १, कमांड.कॉम (आज्ञा वाचणारा) ३, सीडीचा ड्रायव्हर ५, एमएससीडीएक्स (सीडीला ड्राइव्ह म्हणून दाखवणारा) २८, स्मार्टड्राइव्ह (डिस्कची कॅश) २८ आणि माउसचा ड्रायव्हर १७. माउसला सतरा! उंदीर तो केवढा आणि त्याचं बीळ केवढं.

उपाय आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हायमेमखाली ईएमएम३८६ नोईएमएस (६४० केबी ते १ एमबीमधली जागा, म्हणजे यूएमबी किंवा वरचा मजला, खुली करणारा मॅनेजर), मग डॉस=हाय,यूएमबी आणि बाकीच्यांना डिव्हाइसहाय नाहीतर एलएच लावून वरच्या मजल्यावर पाठवायचं. ही मांडणी आपोआप करणारा मेममेकर मुद्दामच चालवला नाही. तो काम चोख करतो, पण नंतर त्याने प्रत्येक ओळीत पेरलेले /एल चे आकडे वाचायचे म्हणजे दुसऱ्याने आवरलेल्या कपाटात आपली वस्तू शोधणं.

रीबूट केलं. ६१६ केबी. खाली डॉस, हायमेम, ईएमएम३८६ आणि कमांड.कॉम एवढीच मंडळी, सगळी मिळून २४. मी उठून स्वतःसाठी चहा टाकला.

चहा घेऊन आलो आणि सहज एक ऐंशीच्या दशकातला पत्त्यांचा खेळ लावला. आदल्या दिवशी बिनतक्रार चालला होता. आता एका ओळीत निकाल: पॅक्ड फाइल इज करप्ट, म्हणजे दाबलेली फाइल बिघडली आहे.

पहिला संशय डिस्क म्हणून लावलेल्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर. फाइल पुन्हा कॉपी केली, तेच. मूळ फ्लॉपीवरून चालवला, तेच. मग मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिसमधली ईएमएम३८६ ची ओळ रेम करून (निष्क्रिय करून) पाहिली आणि खेळ गुपचूप सुरू झाला. म्हणजे फाइलला काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते माझ्या कंजुषीला.

ज्यांनी हे भोगलं नसेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर. त्या काळी डिस्कवर जागा वाचावी म्हणून ईएक्सई (प्रोग्रॅमच्या) फाइली एक्झपॅक या साधनाने दाबून ठेवत. चालवताना फाइल मेमरीत स्वतःला उलगडते. त्या उलगडणाऱ्या कोडचं एक गृहीतक होतं: हिशोब १ एमबीच्या पुढे गेला की मेमरीतला पत्ता गोल फिरून पुन्हा शून्याला येतो. ८०८८ वर ते खरंच होतं. पण डॉस=हाय केलं की ए२० ही पत्त्याची लाइन चालू राहते, पत्ता फिरून येत नाही, सरळ पुढे एचएमएत (१ एमबीच्या लगेच वरच्या जागेत) घुसतो. तरी प्रोग्रॅम मेमरीत पहिल्या ६४ केबीच्या वर चढला असेल तर हा प्रसंगच येत नाही. काल माझा खेळ ९९ केबीच्या पुढे बसला होता, म्हणून वाचला. आज मी इतकी साफसफाई केली की तो २४ केबीवरच बसला आणि पत्त्यांचा खेळ पत्त्यातच गंडला.

हिशोब सोपा आहे: ६४० वजा ६४, म्हणजे ५७६. याहून जास्त मोकळी केलीत की हा संदेश कधीतरी भेटणारच. इलाज डॉसमध्ये ५.० पासूनच आहे: खेळाच्या नावाआधी लोडफिक्स लिहायचं. ते पहिले ६४ केबी भरून टाकतं आणि खेळाला वर ढकलतं. दोन तास खपून मोकळी केलेली जागा एका शब्दाने मुद्दाम अडवायची! केलं. चालला.

दुसरी रात्र: दोन भाऊ

आता खरा कार्यक्रम. विंग कमांडर (१९९०) आणि अल्टिमा ७ (१९९२). दोन्ही एकाच स्टुडिओचे, दोनच वर्षांचं अंतर, आणि मेमरीच्या बाबतीत एकमेकांचं तोंड न पाहणारे.

विंग कमांडरला ईएमएस, म्हणजे बाहेरची जादा मेमरी एका खिडकीतून थोडी थोडी दाखवणारी सोय, लागते. म्हणजे नसली तरी चालतो, पण कॉकपिटमध्ये जॉयस्टिक धरलेला हात दिसत नाही. ईएमएस दिली की हात येतो आणि आपण जहाज वळवलं की तोही हलतो. एवढ्यासाठी रात्र घालवायची का? आपल्यातल्या कुणाला हा प्रश्न पडेल असं वाटत नाही.

नोईएमएसच्या जागी रॅम (म्हणजे ईएमएसही द्या) लिहिलं. लगेच ६१६ चे ५८८ झाले. कारण ईएमएसच्या पेज फ्रेमला, म्हणजे त्या खिडकीला, वरच्या मजल्यावर सलग ६४ केबी लागतात आणि तिने डी००० या पत्त्यापासून पथारी पसरली. वरची जागा दोन तुकड्यांत विभागली गेली, खाली ३२ आणि वर ६४. डॉसची सवय अशी की येणाऱ्याला सगळ्यात मोठ्या मोकळ्या तुकड्यात बसवायचं. आधी सीडीचा ड्रायव्हर बसला, मग स्मार्टड्राइव्ह, मग माउस. शेवटी एमएससीडीएक्स आलं तेव्हा दोन्हीकडे फटीच उरल्या होत्या. एमईएम /एफ ने पाहिलं तर एक फट ३१ केबीची होती, आणि त्याला तर २८ च हवेत. मग अडलं कुठे? तर बूड टेकेपर्यंत त्याला जास्त जागा लागते, बसल्यावर ते आवरून घेतं. लोकलमध्ये पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्यासारखं.

सुरू होताना आज्ञा चालवणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये एमएससीडीएक्स सगळ्यात वर नेलं. तसंही स्मार्टड्राइव्हने सीडी कॅश करायची असेल तर ते नंतरच यायला हवं, म्हणजे मुळात माझाच क्रम चुकलेला. माउसला क्यूटमाउस हा छोटा ड्रायव्हर दिला, तो तीन-साडेतीन केबीत भागवतो. शिवाय ईएमएम३८६ ला आय=बी०००-बी७एफएफ सांगितलं. हा पट्टा मोनोक्रोम स्क्रीनसाठी राखीव असतो, आपल्याकडे रंगीत व्हीजीए असल्यामुळे ३२ केबी फुकट पडून असतात. पुन्हा ६१६. ईएमएस धरून.

हात आला. भाची शेजारी बसली होती, तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, हा हात कुणाचा?" मी म्हटलं, "आपला." तिला काही ते पटलं नाही.

खेळ मात्र डीएक्स२-६६ वर इतका सुसाट पळतो की शत्रूचं जहाज दिसेपर्यंत आपण मेलेलो असतो. मशीनचा वेग कमी करणारं टर्बो बटण दाबल्यावर जरा माणसात आला. (पेटीवर ६६ चा आकडा चमकतो त्यावर कुणी जाऊ नका. तो डबा वेग मोजत नाही, मागच्या जंपरने जे लिहाल ते दाखवतो. माझ्या एका मित्राने आपल्या ३८६ वर ९९ लावून ठेवले होते.)

मग अल्टिमा ७ लावला आणि त्याने दारातूनच हाकललं.

हा खेळ स्वतःचा मेमरी मॅनेजर घेऊन येतो, त्याचं नावच वूडू. तो काय करतो, तर प्रोसेसरला क्षणभर १ एमबीच्या पुढे पोचू देणाऱ्या प्रोटेक्टेड मोडमध्ये नेतो, सेगमेंटची (मेमरीच्या एका तुकड्याची) मर्यादा ४ जीबीपर्यंत ताणतो आणि परत डॉसच्या नेहमीच्या रिअल मोडमध्ये येऊन त्या ताणलेल्या मर्यादेवर पूर्ण रॅम वापरतो. युक्ती झकास आहे. पण ईएमएम३८६ चालू असलं की प्रोसेसर आधीच त्याच्या ताब्यात, व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये असतो. त्यातून वूडूला प्रोटेक्टेड मोडमध्ये जाताच येत नाही. नोईएमएस लिहून काही उपयोग नाही. ईएमएम३८६ ची ओळच जायला हवी.

आणि ती गेली की यूएमबी गेली, वरचा मजलाच गेला. सगळं बिऱ्हाड पुन्हा खाली.

इथे मी तासभर हट्टीपणा केला. सगळे ड्रायव्हर ठेवून एकेकाचा लहान पर्याय शोधत बसलो. मग लक्षात आलं की अल्टिमा हार्ड डिस्कवर आहे, त्याला सीडी कशाला? कॅश तरी कशाला? हायमेम, डॉस=हाय, क्यूटमाउस, बस. एमईएमने ६१५ केबी दाखवली. काल ईएमएम३८६ घेऊन एवढी मारामारी केली, आणि आज काहीच न घालता एकच केबी कमी.

आता कॉन्फिग.सिसच्या डोक्यावर मेन्यू आहे. तीन पर्याय: रोजचं (नोईएमएस), हातवालं (ईएमएस) आणि वूडू. ऑटोएक्झेकमध्ये गोटू %कॉन्फिग% लिहून तिथेही तीन वाटा. सगळे खेळ एकाच बूटवर चालवायचा माझा नाद सुटला. तो डॉस ६ च्या मेन्यूमुळे सुटला की वयामुळे, सांगता येत नाही.

तिसरी रात्र

काही नाही. मेन्यूत एक चौकटी कंस चुकला होता आणि मशीन प्रत्येक ओळीवर रडत होतं. एफ८ दाबून ओळ-ओळ चालवल्यावर सापडला.

चौथी रात्र: एकच गोळी

डूम (१९९३). मेमरीची कटकट शून्य, कारण तो १ एमबीपुढची मेमरी वापरू देणारा डॉस/४जीडब्ल्यू घेऊन येतो आणि ४ एमबी मिळाली की खूश. संगीत सुरेख वाजलं. पहिली गोळी झाडली आणि आवाज अडकला. धाड्-धाड्-धाड्-धाड्, थांबेचना.

हे लक्षण मात्र मोलाचं आहे, नीट ऐका म्हणून सांगतो. संगीत वाजतंय म्हणजे कार्डावरची एफएम चिप ठीक, तिला ना आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) लागतो ना डीएमए (मेमरीतून थेट आवाज उचलायची वाट), फक्त पोर्टवर आकडे लिहिले की वाजते. गोळीचा पहिला तुकडा ऐकू आला म्हणजे कार्डाचा २२० हा पत्ता बरोबर आणि डीएमएही बरोबर. कार्ड तुकडा संपल्यावर आयआरक्यूने हाक मारतं, "झालं, पुढचा द्या." ती हाक खेळापर्यंत पोचत नाही, म्हणून तोच तुकडा पुन्हा पुन्हा. म्हणजे चोर एकच: आयआरक्यू. डीएमए चुकला असता तर गोळी मुळात ऐकूच आली नसती.

कार्ड बाहेर काढलं. आयआरक्यूचा जंपर ७ वर. माझ्या ऑटोएक्झेकमध्ये सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ टी४ (खेळांना कार्डाची सेटिंग सांगणारी ओळ, आय५ म्हणजे आयआरक्यू ५), आणि डूमच्या सेटअपमध्येही मी सवयीने ५ च निवडलेला. साउंड ब्लास्टर १६ वापरून हात बिघडले, दुसरं काय. स्लॉटमध्ये बसणारे कार्डाचे दात खोडरबरने घासून घेतले (पावसाळ्यात हे करावंच लागतं), चिमट्याने जंपर ५ वर सरकवला. तो आधी निसटून सतरंजीत गेला, अर्धा तास तिथे. डूम मस्त चालला.

पण दुसऱ्या दिवशी दोन जुने खेळ मुके. पहिल्या साउंड ब्लास्टरचा मूळ आयआरक्यू ७ होता, आणि त्या काळचे बरेच खेळ ब्लास्टरची ओळ वाचतच नाहीत, २२० आणि ७ धरूनच चालतात. म्हणून जंपर परत ७ वर नेला आणि ओळ आय७ केली, डूमच्या सेटअपमध्येही ७. सात नंबर प्रिंटरच्या पोर्टचा, हे खरं. पण डॉस छापताना ती इंटरप्ट वापरत नाही आणि माझ्याकडे प्रिंटरही नाही.

बाकी

स्पेस क्वेस्ट ४ अजून "ऑडिओ हार्डवेअर सुरू करता येत नाही" म्हणून बाहेर पडतो. त्याच्या साउंड ड्रायव्हरमधला थांबण्याचा लूप वेगवान प्रोसेसरवर फार लवकर संपतो आणि कार्डाचं उत्तर यायच्या आत ड्रायव्हर हात टेकतो. टर्बो बंद करून सुरू केला तर पाचातून तीनदा चालतो. पुढच्या शनिवारी मशीन आणखी हळू करायला बायॉसमधून कॅश बंद करून बघणार आहे. ज्यांनी दुरुस्त केलेला ड्रायव्हर वापरलाय त्यांनी सांगा, तो मूळ फाइलवर चढवायचा की वेगळ्या नावाने ठेवायचा?