अँबेसेडर इलेक्ट्रिक केली, पण ताशी साठला थरथरते

अँबेसेडरचं इंजिन उतरवून मोटर बसवली की इंजिनाच्या धडधडीखाली झाकलेले जुने दोष उघडे पडतात. मग बहुतेक जण प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) काढून सरळ वडोदऱ्यातली मकरपुरा जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत गाठतात, बॅलन्सिंग करायला. कृपया सुरुवात तिथून करू नका. शाफ्ट बॅलन्स होऊन येतो आणि थरथर तशीच राहते, कारण दोष पुष्कळदा कोनात नाहीतर कपलिंगमध्ये असतो.

आधी एवढंच शोधा: चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा थरथरतं, आणि ओढ, म्हणजे मोटरचा जोर, बदलली की थरथर बदलते का.

डिफरन्शियलचं प्रमाण स्वतः मोजा. इतक्या वर्षांत कुणी कुठला ॲक्सल बसवला असेल याचा भरवसा नाही. गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना अडण, मागचं एक चाक जमिनीवर आणि दुसरं घोडीवर उचललेलं. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे झाले, तेच प्रमाण. मग टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा.

समजा अंतर 2.05 मीटर आणि प्रमाण 4.5 निघालं. ताशी 60 किमीला चाक सेकंदाला साधारण 8 वेळा फिरतं, शाफ्ट 36 ते 37 वेळा, आणि क्रॉसच्या (शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या) कोनाची थरथर त्याच्या दुप्पट, म्हणजे 73 हर्ट्झच्या आसपास. फोनवरचं कंपन मोजणारं ॲप सीटच्या रुळावर टेकवून बघा. फोनचा सेन्सर सेकंदाला 100 वेळाच नोंद घेत असेल तर 50 हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही, भलताच आकडा दाखवतो. म्हणून 35-40 च्या वेगालाही एकदा मोजा.

जुना गिअरबॉक्स ठेवला असेल तर काम फार सोपं. पहाटे हालोल रस्त्यावर एकाच वेगाने आधी टॉपमध्ये, मग तिसऱ्यात चालवा. मोटरची आरपीएम मर्यादा तेवढी सांभाळा. तिसऱ्यात हर्ट्झ वाढले तर दोष मोटर, कपलिंग किंवा क्लचकडे. तेवढेच राहिले तर शाफ्टपासून मागे.

आता ओढ. त्याच वेगाला ॲक्सिलरेटर दाबून, मग रीजेन (मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरणं) शून्य करून गाडी मोकळी सोडून, मग रीजेन देऊन बघा. तिन्ही वेळा सारखंच थरथरत असेल तर शाफ्ट वाकडा किंवा असंतुलित. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत क्रॉसमधलं ग्रीस आणि डिफरन्शियलचं ऑइल आधी तपासा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. शाफ्टवर वाळलेला गाळही संतुलन बिघडवतो. फक्त ओढीला थरथरत असेल तर कोन किंवा माउंट. फक्त रीजेनला खडखडत असेल तर पिनियनच्या (शाफ्टने फिरणाऱ्या, डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगची ढिलाई आणि दातांमधला मोकळेपणा बघा. ताशी 10-15 किमीच्या खालचा झटका बऱ्याचदा कंट्रोलरचा असतो. टॉर्क चढण्याचा वेग कमी केल्यावर तो मवाळ झाला तर एन्कोडरची, म्हणजे मोटरचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची, सेटिंग तपासा.

कोनाला खरा वेळ द्या. बॅटऱ्या जागेवर, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर किंवा ॲक्सलखालच्या घोड्यांवर. चासी उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर मोजलेलं सगळं फुकट. डिजिटल कोनमापी गिअरबॉक्सच्या फ्लँजवर, शाफ्टवर आणि पिनियनच्या फ्लँजवर लावा. दोन्ही क्रॉसचे कोन 1 ते 3 अंशांत हवेत आणि त्यांच्यातला फरक अर्ध्या ते एका अंशाच्या आत. शून्य कोनही वाईट, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खळगे पडतात. डिकीत बॅटऱ्या भरल्याने मागचे पाटे बसतात, मोटरच्या माउंटची उंची इंजिनापेक्षा वेगळी असते, त्यामुळे जुने कोन राहतच नाहीत. उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या मधे उतरती पाचर, किंवा गिअरबॉक्सच्या माउंटखाली शिम, म्हणजे पातळ पट्टी. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. स्लाइडिंग जॉइंट काढण्याआधी खूण केली नाही तर ते चुकतंच.

मोटर शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क देते. पाटे पिळले जातात, पिनियनचं नाक वर उचलतं आणि गाडी निघतानाच हादरते. म्हणून उभ्या गाडीत नाक एक-दोन अंश खाली ठेवावं. रीजेनला तेच नाक खाली दबतं. दोन्हीकडे चालेल असा कोन मिळत नाही. रीजेन हळू चढवा, नाहीतर टॉर्क आर्म (ॲक्सलला पिळू न देणारा दांडा) बसवा.

कपलिंग बघताना हाय व्होल्टेज तोडून कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा. डायल गेज मोटरच्या शाफ्टवर बसवा आणि शाफ्ट फिरवत बेलहाउसिंगचं (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या भागाचं) भोक मोजा. गेजवरच्या एकूण फरकाच्या निम्मं हे केंद्र सरकल्याचं माप, एकूण 0.1 मिमीच्या वर मी तरी सोडत नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पूर्वी क्रँकमधल्या पायलट बुशमध्ये टेकलेलं असायचं. ॲडॉप्टर बनवताना तो बुश विसरला तर टोक अधांतरी फिरतं.

एवढं निर्दोष निघालं तरच बॅलन्स. शाफ्टच्या मागच्या टोकाला खडूने चार खुणा करा, एक होज क्लॅम्प घालून त्याचा स्क्रू आळीपाळीने प्रत्येक खुणेवर आणा आणि दर वेळी त्याच वेगाला चालवून बघा. जिथे थरथर सर्वांत कमी, तिथे दुसरा क्लॅम्प जोडा आणि दोन्ही स्क्रू एकमेकांपासून थोडे थोडे लांब सरकवत जा. फरकच पडला नाही तर हेच पुढच्या टोकाला.